मांडीवरचा सिलिंडर

"महाराज, नियम मोठा की जीव?"

सोमगिरी महाराजांनी वर पाहिलं नाही. देवळाच्या मंडपात त्यांनी घंटा खाली उतरवून ठेवली होती आणि तिच्या कडेवरून ते अंगठा फिरवत होते.

डॉक्टर निशिकांत शेवडे थोडा वेळ थांबला. मग त्याने तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला, म्हाताऱ्या माणसाला ऐकू गेलं नसेल अशा समजुतीने.

ऐकू व्यवस्थित गेलं होतं. महाराजांचे कान अजून खणखणीत होते. घंटेचा आवाज फुटल्याचं गावात सगळ्यांच्या आधी त्याच कानांना कळलं होतं.

"तडा गेलाय," ते म्हणाले. "कऱ्हाडला ओताऱ्याकडे न्यायला हवी. गाडी आणलीयस ना?"

निशिकांतला राग आला. पुण्याहून गाडीने एवढी वाट कापून तो पाटणच्या वरच्या या मठात आला होता तो काही घंटा वाहायला नव्हे. पण या माणसाने त्याला एकदा परत माणसांत धाडलं होतं. डॉक्टरकीच्या परीक्षेत नापास होऊन, घरी तोंड दाखवायला नको म्हणून तो इथे येऊन पडला होता, तेव्हा. तेव्हापासून सोमगिरी महाराज त्याचे गुरू. गुरूपुढे राग गिळायचा असतो, म्हणून त्याने गिळला.

आणि खरं सांगायचं तर उत्तर त्याला ठाऊक होतं. माणूस गुरूकडे प्रश्न घेऊन जातो तेव्हा बहुतेक वेळा उत्तर खिशात घालूनच निघालेला असतो. गुरूने त्यावर नुसता हात ठेवायचा, एवढीच त्याची अपेक्षा असते. "जीव मोठा" हे दोन शब्द निशिकांतला हवे होते. ते मिळाले की तो इथून थेट कऱ्हाडला, सिस्टर अंजना वायदंडेच्या घरी जाणार होता. त्या दोन शब्दांवाचून तिच्या दारात उभं राहायची त्याची छाती होत नव्हती.

"घंटेचं बघू, महाराज," तो म्हणाला. "आधी माझं ऐका."

"ऐकतोय की."

मग त्याने सांगितलं.

निशिकांत एअर अँब्युलन्सवरचा डॉक्टर. लहानसं विमान, आतल्या खुर्च्या काढून बसवलेलं स्ट्रेचर, त्यावर रुग्ण, शेजारी एक डॉक्टर आणि एक सिस्टर, पुढे वैमानिक. आणि ऑक्सिजन. या ऑक्सिजनचे नियम कडक असतात. सिलिंडर म्हणजे शेवटी लोखंडात दाबून कोंडलेला वारा. त्याची मान मोडली तर तो सुटतो, आणि आकाशात सुटला तर विमान काही शिल्लक राहत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरला ठरलेला कप्पा असतो आणि वर आवळलेले पट्टे असतात. चाचणीची तारीख उलटून गेलेला चालत नाही, तेलकट हात त्याला लावायचा नाही, आणि आत किती आलेत याची कॅप्टनला कल्पना द्यायची. ज्याला कप्पा नाही तो विमानात चढत नाही, मग तो आणणारा कितीही रडो.

हे नियम नव्या लोकांना शिकवायचं काम कंपनीने निशिकांतकडेच दिलं होतं. तो शिकवायचाही छान. "विमानात मोकळं काही नाही," हे त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. अंजनाही ते त्याच्याकडूनच शिकली होती.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात कऱ्हाडच्या धावपट्टीवरून रेश्मा यमगर नावाच्या मुलीला चेन्नईला न्यायचं होतं. तिची फुप्फुसं हरली होती. बाप, तातोबा यमगर, मेंढरं राखणारा माणूस. तो विमानाच्या पायरीशी आला तो खांद्यावर एक सिलिंडर घेऊनच. कुठल्या दवाखान्यातून कुणाच्या हातापाया पडून त्याने तो मिळवला होता कोण जाणे. साथीच्या काळात त्याचा थोरला मुलगा अँब्युलन्समध्येच गेला होता. ऑक्सिजन संपला होता आणि दवाखाना अजून लांब होता.

"ह्यो एक जवळ असू द्या डॉक्टर," तातोबा म्हणाला. "कमी पडला म्हंजी?"

कमी पडणार नव्हता. निशिकांतने हिशोब केलेला होता. चेन्नई गाठून, वाटेत विमान दुसरीकडे वळवावं लागलं तरी पुरून उरेल इतका ऑक्सिजन आत बांधलेला होता. तातोबाला एवढंच सांगायचं होतं, आणि नाही म्हणायचं होतं.

पण समोर हात जोडलेला बाप होता. नाही म्हणणारा माणूस व्हायला निशिकांतला कधी आवडलं नव्हतं.

जमिनीवर हे रोज चालतं. गावाकडच्या अँब्युलन्समध्ये एखादा नातेवाईक सिलिंडर दोन्ही गुडघ्यांत धरून बसतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. निशिकांतची सुरुवातीची वर्षं त्याच गाड्यांमधून गेली होती. ती जुनी सवय नेमकी त्या वेळी वर आली. त्याने तातोबाच्या खांद्यावरून सिलिंडर घेतला आणि आत अंजनाकडे दिला.

"सर, ह्याला कप्पा नाही," अंजना म्हणाली होती.

"तुम्ही आहात ना," तो म्हणाला होता.

तिने सिलिंडर मांडीत घेतला. स्वतः पट्टा लावून बसली आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. कॅप्टनने मागे वळून सगळं बांधलंय का विचारलं, तेव्हा निशिकांतने अंगठा वर केला. अंजनाने त्याच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

पुढे ढग लागले. विमान एकदम खाली गेलं. अंजनाच्या मांडीतला सिलिंडर उडाला, छताला लागला आणि खाली आला तो तिच्या उजव्या हातावर. हाताखाली स्ट्रेचरची लोखंडी कड होती.

सिलिंडरची मान शाबूत राहिली म्हणून विमान राहिलं. अंजनाने हाताला रुमाल बांधला आणि उतरेपर्यंत डाव्या हाताने तो सिलिंडर पायांत दाबून धरला. ती ओरडलीसुद्धा नाही, कारण रेश्मा जागी होती.

आता त्या हाताची बोटं वळत नाहीत. हलत्या विमानात, अंधुक दिव्यात, कोरड्या पडलेल्या अंगात शीर शोधणारा हात होता तो. निशिकांतला जिथे दोनदा टोचावं लागे तिथे अंजनाला कधी लागत नसे.

हे सगळं त्याने महाराजांना सांगितलं. अंजनाला काय म्हणाला ते सांगितलं, वर केलेला अंगठासुद्धा सांगितला. चौकशीतही त्याने सगळं खरं सांगितलं होतं आणि विमानावरच्या कामातून काढलं जाणं निमूट स्वीकारलं होतं. त्याचाही त्याला जरा अभिमान होता.

"पण पोर वाचली, महाराज," तो शेवटी म्हणाला. "चालत घरी आली. गावाने माझा सत्कार केला. तातोबा माईकवर रडत रडत सांगत होता, डॉक्टरांनी माझा सिलिंडर घेतला म्हणून माझी पोर मला दिसतेय. सगळं गाव रडत होतं."

त्याने पिशवीतून शाल काढली. सत्काराची, जरीच्या काठाची, घडी न मोडलेली.

"ही तुमच्या पायाशी ठेवायला आणलीय."

महाराजांनी शालीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

"अंजना आली होती का सत्काराला?"

"तिला... बोलावलं नव्हतं त्यांनी."

"तू भेटलास तिला?"

"फोन केला होता. मी बरी आहे सर, म्हणाली."

महाराज पुन्हा घंटेकडे वळले. तड्यावर अंगठा ठेवला. निशिकांतला वाटलं, आता येईल उत्तर.

"तातोबाचा सिलिंडर उघडलास कुठे?" महाराजांनी विचारलं. "ढगांच्या आधी, की नंतर?"



मंडपात एक चिमणी आली, दाणे नाहीत असं पाहून गेली.

"नाही उघडला," तो म्हणाला.

"कुठेच?"

"गरज पडली नाही."

"मग पोर कशावर गेली चेन्नईला?"

"विमानातल्या... जे कप्प्यात होते, त्यांच्यावर."

"बांधलेल्यांवर."

"हो."

हे तो आजवर कुणाजवळ बोलला नव्हता. चौकशीत त्याने काही लपवलं नव्हतं, पण सिलिंडर आत कसा आला एवढंच त्यांनी विचारलं होतं. उघडला का, हे कुणी विचारलंच नाही. आणि सत्काराच्या मांडवात तर विचारणारं कोणी नव्हतं. तिथे तो मान खाली घालून, हात जोडून उभा होता, आणि लोकांना तो विनय वाटला होता.

"पण ते मला आधी कसं कळणार, महाराज?" तो जरा चिडूनच म्हणाला. "लागला असता तर?"

"हिशोब केला होता म्हणालास ना आत्ता?"

निशिकांतने शाल परत पिशवीत टाकली.

महाराज उठले, गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. "चल," ते म्हणाले. "घंटा उचल. ऊन वाढायच्या आत घाट उतरू."

घंटा फार मोठी नव्हती, पण उचलायला दोन्ही हात लागले आणि कंबरही. निशिकांतने ती पायऱ्यांवरून खाली आणली. प्रत्येक पायरीला आतला लोलक कडेवर आपटून फुटका आवाज करत होता. त्याने डिकी उघडली, दोर शोधला. वळून पाहतो तर महाराज पुढच्या सीटवर बसलेले, आणि हाताने मांडी थोपटतायत.

"इकडे दे."

"डिकीत बांधतो ना, महाराज."

"बांधतोस कशाला? उतरायला असा कितीसा वेळ लागणार? मी धरतो."

"जड आहे ती."

"तुला काय करायचंय? मांडी माझी आहे."

या माणसाचा शब्द निशिकांतने कधी मोडला नव्हता. त्याने घंटा महाराजांच्या मांडीवर ठेवली. महाराजांनी दोन्ही हात तिच्याभोवती घातले. उजव्या हाताची बोटं घंटेची कड आणि समोरचा डॅशबोर्ड यांच्या मध्ये आली. त्या हातावर कातडी आणि शिरा यांखेरीज फारसं काही राहिलेलं नव्हतं.

त्याने गाडी सुरू केली.

तो रस्ता त्याला पाठ होता. कुठे खड्डा आहे, कुठे पाण्याने डांबर नेलंय, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या दिवशी तो नव्याने शिकणाऱ्यासारखा चालवत होता. दगड दिसला की पाय ब्रेकवर. वळण आलं की श्वास अडकलेला. मागून आलेला दुधाचा टेम्पो भोंगा वाजवत पुढे निघून गेला आणि जाताना चालकाने खिडकीतून काहीतरी वाईटसाईट म्हटलं. निशिकांतला ते ऐकूही आलं नाही. त्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्या बोटांवर होतं.

महाराज मात्र बाहेर बघत होते. यंदा करवंदं फार आलीत, असं काहीतरी म्हणाले.

घाटातल्या मोठ्या वळणावर एक खड्डा त्याने चुकवला आणि दुसऱ्यात चाक गेलं. गाडी फार काही आदळली नाही. घंटा किंचित उचलली गेली आणि परत मांडीवर बसली. लोलक खणकला. महाराजांचे ओठ घट्ट मिटले.

निशिकांतने गाडी थांबवली.

स्टिअरिंगवरचे हात त्याला काढता येईनात.

"का रे थांबलास?"

"मला नाही जमणार, महाराज."

"अर्धा घाट तर राहिलाय."

"तुमचा हात..."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"काही झालं नाही. पण मी बघतोय ना. मला सारखा तुमचा हात दिसतोय." "त्या दिवशी मला तिचा हात दिसलाच नाही. समोर होता. ती माझ्यासमोर बसली होती. मी पोरीकडे बघत होतो, मॉनिटरकडे बघत होतो, खिडकीतून तातोबा हात हलवत होता त्याच्याकडे बघत होतो. मला इतकं बरं वाटत होतं, महाराज. एका बापाला नाही म्हटलं नाही म्हणून इतकं बरं वाटत होतं."

महाराज ऐकत होते. खाली दरीत कुणीतरी गुरं हाकत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"त्या दिवशी दया कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि मांडी कुणाची होती?"

निशिकांतने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. तो रडला. चांगला शिकलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस, घाटातल्या वळणावर, दिवसाढवळ्या. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि पहिल्यांदाच ते अंजनासाठी वाटत होतं. आजवर जे वाटत होतं ते सगळं स्वतःसाठीच होतं, हे त्याला तिथे कळलं. तातोबासमोर "नाही" म्हणायला एक क्षण वाईटपणा घ्यावा लागला असता. तो त्याने घेतला नाही. तो उचलून त्याने दुसरीच्या मांडीत ठेवला.

महाराजांनी त्याची समजूत काढली नाही. पाठीवर हातही ठेवला नाही, कारण दोन्ही हात घंटेला होते.

रडणं ओसरल्यावर तो खाली उतरला. महाराजांच्या मांडीवरून घंटा उचलून मागच्या सीटपुढच्या जागेत आडवी ठेवली. दोराचे फेरे घातले, सीटच्या पायांना आवळले, हलवून पाहिलं, पुन्हा आवळले. शिकवायचा तसंच सगळं केलं. तरी लोलक मोकळा होताच. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग सत्काराची शाल घेतली, घडी मोडली आणि लोलकाभोवती घट्ट गुंडाळून आत कोंबली.

पुढचा घाट घंटा अजिबात वाजली नाही.

कऱ्हाडात शिरल्यावर महाराजांनी ओताऱ्याच्या आळीकडे जायला सांगितलं नाही. त्यांनी काहीच सांगितलं नाही. निशिकांतनेच गाडी दुसरीकडे वळवली. पत्ता बघायला त्याने खिशातून फोन काढला नाही. फोनवर इतक्या वेळा पाहून तो पाठ झाला होता.

बोळ अरुंद होता. गाडी तोंडाशीच उभी करावी लागली. आत डाव्या हाताला एक जुनं दुमजली घर, बाहेरून लोखंडी जिना, वर लहानशी गॅलरी. गॅलरीत अंजना धुणं वाळत घालत होती.

निशिकांतने तिला लगेच ओळखलं नाही. गणवेशाशिवाय त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. तिने ओली चादर डाव्या हाताने दोरीवर टाकली. ती घसरली. तिने पुन्हा टाकली, हनुवटीने दाबून धरली, आणि डाव्या हाताने चिमटा लावला. उजवा हात पोटाशी धरलेला होता. दुसरा चिमटा तिच्या हातातून निसटून खाली बोळात पडला.

तो उचलायला ती वाकली नाही. वरून नुसती बघत राहिली, खाली जाऊन यावं की राहू द्यावं असा विचार करत असल्यासारखी.

निशिकांतचा हात दाराच्या कडीवर होता. कडी त्याने ओढली नव्हती.

"महाराज," तो म्हणाला, "तिला सांगायचं काय? तो सिलिंडर उघडलाच नव्हता, हे तिला माहीत आहे. तिच्याच पायांत होता तो. ती हे सगळं आधीपासून जाणते."

महाराज समोर बघत होते.

"त्या पोरीसाठी हात गेला, असं वाटलं असतं तर तिला सोसलं तरी असतं. आता मी काय सांगू? कशासाठी गेला म्हणून सांगू?"

तेवढ्यात अंजनाचं लक्ष गाडीकडे गेलं. तिने गाडी ओळखली असावी. ती सरळ उभी राहिली आणि चादरीमागे उजवा हात नेला.

निशिकांतने महाराजांकडे वळून पाहिलं.

"तुम्ही चला ना वर माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तुम्ही बोललात तर ती ऐकेल. तुमच्या तोंडून आलं तर... मला एकट्याला हे उचलवणार नाही, महाराज. कुणीतरी हवं बरोबर."

सोमगिरी महाराजांनी मागे वळून, बांधलेल्या घंटेकडे एकदा पाहिलं. मग हात लांबवून त्यांनी निशिकांतच्या बाजूचं दार उघडलं.

"तू आहेस ना," ते म्हणाले.